लाखाची यादी आणि कापसाची खोली

घरी गाणं रेकॉर्ड करायचंय, असं बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव, चिखली किंवा मेहकरच्या एखाद्या पोराने म्हटलं की त्याच्या हातात एक यादी पडते. कंडेन्सर माइक, दोन चॅनलचा इंटरफेस, पाच इंची मॉनिटर स्पीकरची जोडी, भिंतीला चिकटवायचा काळा फोम, माइकमागे उभी करायची अर्धगोल ढाल आणि हे सगळं पेलणारा नवा लॅपटॉप. यादी देणारा कधी शहरातला दुकानदार असतो, कधी व्हिडिओत बोलणारा जाणकार, कधी पुण्यात वर्ष-दोन वर्षं काढून आलेला मित्र. बेरीज लाखाच्या घरात जाते. मग पुढचं वाक्य ठरलेलं. एवढं जमत नसेल तर नाद सोड, अकोल्याला नाहीतर संभाजीनगरला जा, तासाचे पैसे दे आणि गाऊन ये. स्वस्तात स्टुडिओ होत नसतो.

हे म्हणणं मला मान्य नाही. आणि न मानण्याचं कारण गरिबीचा कळवळा हे नाही, ध्वनीचं साधं शास्त्र हे आहे.

यादीतली एकही वस्तू निकामी नाही, हे आधीच कबूल करतो. पण ती यादी दुसऱ्याच खोलीसाठी लिहिलेली आहे. त्या खोलीत एसी आवाज न करता चालतो, दार जड असतं, भिंतींवर आधीच काम झालेलं असतं. आपल्याकडे काय असतं? दहा बाय दहाची खोली, सिमेंटचा गिलावा, खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब किंवा टिनपत्रे. घाटाखाली नांदुरा, मलकापूर, शेगाव पट्ट्यात असाल तर फेब्रुवारी सरला की खिडकीत कूलर आलाच. या खोलीत ती यादी उलटी फिरते. वस्तू जितकी चांगली, तितकं खोलीचं बिंग जास्त फुटतं.

आकडेच घ्या. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या लहरी अडकून घुमतात त्यांतली पहिली येते 56 हर्ट्झच्या आसपास, दुसरी 112 ला. लांबी आणि रुंदी दोन्ही दहा फूट असेल तर दोन्ही दिशांनी नेमके हेच स्वर फुगतात. उंचीही दहा फूट निघाली तर तिन्ही दिशांनी. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्रातला कोमल धैवत 110 हर्ट्झच्या जवळ असतो. म्हणजे तो बिचारा त्या स्वरावर आला की खोली त्याच्याआधी गायला लागते. ढोलकीच्या धुमाचंही तेच. आता या खोलीत तीस हजारांचा माइक लावा. तो हे घुमणं तीस हजारांच्या तपशिलाने टिपून देईल.

यावर यादीवाल्यांचं उत्तर असतं फोम. ऑनलाइन मिळणारा तो पिरॅमिडच्या आकाराचा, इंचभर जाडीचा फोम. पण शोषणारा थर लहरीच्या लांबीच्या पाव भागाइतका जाड असेल तेव्हा तो नीट काम करतो, हा यातला ढोबळ नियम आहे. इंचभर फोमला हा नियम लावला तर त्याची खरी पकड तीन हजार हर्ट्झच्या वर बसते. म्हणजे तो 'स'सारखा सणसणीत आवाज, टाळांची किणकिण तेवढी खातो आणि घुमणं जिथल्या तिथे ठेवतो. खोली मग आणखी वाईट लागते, वरून मेलेली आणि खालून घुमणारी. अंड्यांचे ट्रे चिकटवणारेही अजून भेटतात. त्यांना एवढंच सांगायचं की तो पुठ्ठा आवाज खात नाही, पेट मात्र लवकर घेतो.

शिवाय आवाज शोषणं आणि आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे यादी देणारे सहसा सांगत नाहीत. बाहेरचा ट्रॅक्टर, वरातीचा डीजे, शेजारची पिठाची गिरणी अडवायला वजन लागतं. वीट, वाळू, जड दार. फोमला वजनच नाही. तो भिंतभर लावला तरी गिरणी ऐकू येणारच. अडवण्याचं काम आपल्या बजेटमध्ये बसत नाही. म्हणून ते घड्याळाकडून करून घ्यायचं. रात्री दहानंतर गिरणी बंद असते, रस्ता शांत असतो, कूलर अर्धा तास बंद ठेवला तर जीव जात नाही. फुकटात मिळणारी ही सगळ्यात मोठी साउंडप्रूफिंग आहे आणि ती विकता येत नसल्यामुळे कोणत्याच यादीत नसते.

शोषण्याचं काम मात्र आपल्याला जमतं, आणि इथे बुलढाणा जिल्हा पुण्या-मुंबईपेक्षा श्रीमंत आहे. हा कापसाचा मुलूख. भाव चढेल या आशेने ज्या घरात वेचणीचा कापूस खोलीत भरून ठेवतात, त्या खोलीच्या दारात उभं राहून एकदा दोन ओळी म्हणून बघा. आवाज तोंडातून निघतो आणि परत येतच नाही. घुमणं नाही, प्रतिध्वनी नाही. आपलाच आवाज कानाला उघडा वाटतो, थोडा ओशाळल्यासारखाही होतो. ज्या स्टुडिओत असं वाटावं म्हणून लोक लाखो रुपये भिंतींत घालतात, तो परिणाम तिथे सरकीसकट पडलेला असतो. मी कापसाच्या ढिगात बसून गा म्हणत नाही. अंगाला खाज सुटते, आणि कापसाजवळ वायर, दिवा, विडी नेणं हा शहाणपणा नव्हे. पण तीच रुई पिंजाऱ्याकडून गादीत भरून घेतली की झालं. चार-पाच इंच जाडीची जुनी गादी फोमपेक्षा कितीतरी खालपर्यंत आवाज खाते. ती भिंतीपासून वीतभर पुढे उभी केली तर आणखी खाली उतरते, कारण मागची हवाही मग जाडीत धरली जाते. 112 हर्ट्झचा पुरता बंदोबस्त गादीनेही होत नाही. त्यासाठी पाऊण मीटर जाडी लागेल. पण गाण्याचे शब्द जिथे असतात तो सगळा पट्टा ती साफ करते.

आता ती उभी कुठे करायची? यादीतली अर्धगोल ढाल माइकच्या मागे लागते. बहुतेक गायनाचे माइक कार्डिऑइड असतात. ते समोरचं ऐकतात, पाठीमागचं फारसं ऐकत नाहीत. माइकच्या समोर कोण असतं? गाणारा, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. म्हणजे बंदोबस्त करायचा तो गायकाच्या पाठीशी. दोन खाटा उभ्या करा, कोन करून लावा, त्यांवर गाद्या टाका, वर एखादी जाड गोधडी. गायकाने त्या कोनात पाठ करून उभं राहायचं आणि माइक खोलीच्या मध्याकडून त्याच्या तोंडाकडे धरायचा. खर्च शून्य. त्या ढालीचे दोन-तीन हजार वाचले ते वेगळे.

माइकबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी थापा चालतात. यादीवाले म्हणतात की डायनॅमिक माइक स्टेजसाठी, स्टुडिओत कंडेन्सरच पाहिजे. त्यांना आठवण द्यायला हवी की मायकल जॅक्सनच्या 1982 च्या 'थ्रिलर'मधलं गायन ब्रूस स्वीडीन यांनी शुअरच्या एसएम7 या डायनॅमिक माइकवर घेतलं होतं. दुसरीकडे स्वस्ताईचे पुरस्कर्ते म्हणतात की डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेतच नाही. हेही खरं नाही. त्यात अशी काही जादू नसते. खरा फरक अंतराचा आहे. डायनॅमिक माइक श्वासाचा फटका आणि मोठा आवाज निमूट सोसतो, म्हणून त्याला ओठांजवळ आणता येतं. एका हाताच्या अंतरावरून, म्हणजे दीड फुटावरून, माइक चार बोटांवर आणला की गायकाचा आवाज खोलीच्या तुलनेत साधारण 15 डेसिबलने पुढे येतो. एवढा फायदा कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. 1902 साली कलकत्त्यात गोहरजान गायल्या तेव्हा माइक नावाची वस्तूच रेकॉर्डिंगमध्ये नव्हती. भोंग्यासमोर तोंड नेऊन गावं लागायचं. अंतराचा हा हिशेब यंत्राहून जुना आहे.

जवळ आलं की एक अडचण येते, आणि ती मराठीत जरा जास्तच येते. भ, फ, ध, घ. भजनाचा पहिलाच वर्ण माइकवर धप्पकन आदळतो. त्यावर पॉप फिल्टर. नसेल तर एम्ब्रॉयडरीची लाकडी रिंग घ्या, तीत पायमोज्याचं पातळ कापड ताणून बसवा आणि माइकच्या दोन इंच पुढे बांधा. माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता ओठाच्या कोपऱ्याशी, किंचित तिरका धरा. हवा सरळ निघून जाते, आवाज तेवढा माइकला मिळतो.

ऑनलाइन हजार-दीड हजारात 'स्टुडिओ कंडेन्सर' म्हणून जो सोनेरी जाळीचा माइक मिळतो, स्टँड, फोमचा बोंडा आणि केबलसकट, त्याच्याबद्दल मात्र यादीवाल्यांशी माझं पूर्ण एकमत आहे. घेऊ नका. त्यातला बराचसा माल साध्या इलेक्ट्रेट कॅप्सूलचा असतो, खऱ्या कंडेन्सरला लागणारा 48 व्होल्टचा पुरवठा त्याला ठाऊकही नसतो, आणि लॅपटॉपच्या छोट्या भोकात खुपसला की गाण्यापेक्षा खरखर जास्त. त्यापेक्षा गावातल्या मंडप-डेकोरेशनवाल्याकडचा आहुजाचा साधा डायनॅमिक माइक एक रात्र मागून आणा. नवा घ्यायचा तर बेहरिंगरचा एक्सएम8500 दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो, आणि थोडं थांबून पैसे जमवले तर शुअरचा एसएम58 दहा हजारांच्या जवळपास. हा एसएम58 1966 पासून बाजारात आहे. जुना घेतला तरी चालतो आणि विकायला काढला तरी गिऱ्हाईक मिळतं. नकली फार आहेत, तेवढं बघून घ्या.

पैसे वाचवू नयेत अशी जागा इंटरफेसची, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीची. डायनॅमिक माइकचा सिग्नल बारीक असतो, त्याला 50-55 डेसिबलपर्यंत गेन लागतो, आणि अगदी स्वस्त इंटरफेस तिथपर्यंत पोचता पोचता सूं करायला लागतो. म्हणून एक माइकचा का होईना, बऱ्या प्रीअँपचा इंटरफेस घ्यावा. पाच ते दहा हजारांच्या मधलं काहीतरी. पुढे 24 बिटवर रेकॉर्ड करायचं आणि पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवायची. आपल्याकडे खंजिरीवाले बसलेत हे लक्षात असू द्या. सुरुवातीला हळू वाजवतात आणि रंगात आले की सुई लाल करून टाकतात. फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर 60 दिवस वापरून बघता येतं आणि त्याचा वैयक्तिक परवाना 60 डॉलरचा आहे. त्यासाठी नवा लॅपटॉप लागत नाही.

मॉनिटर स्पीकरवर मात्र मी ठाम नाही म्हणतो. पंचवीस-तीस हजारांची ती जोडी वाईट असते असं नाही. पण वर सांगितलेली 56 आणि 112 ची भानगड गाणं ऐकतानाही चालूच असते. स्पीकर खरं सांगतो आणि खोली त्यात आपलं मिसळते. मग पोरगा खोलीत भरपूर वाटणारा बेस कमी करतो आणि बाहेर गाणं किडमिडीत निघतं. चार-पाच हजारांचा बंद कपांचा हेडफोन खोलीला मधे येऊच देत नाही. मिक्स झालं की ते मोबाईलच्या स्पीकरवर ऐका, मग ऑटोत, मग कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या टेपवर. आपला श्रोता शेवटी तिथेच आहे.

विजेबद्दल यादीत एक अक्षर नसतं. इथे मात्र निम्मी रेकॉर्डिंगं तिथेच मरतात. हेडफोनमध्ये सतत 'हूं' ऐकू येतं आणि दोष माइकला जातो. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. हूं गेली तर गुन्हेगार अर्थिंग आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्तातला इन्व्हर्टर हे त्याचे साथीदार. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं तर जो फरक पडेल तो दुप्पट किमतीच्या माइकनेही पडणार नाही.

एवढ्यात बेरीज किती झाली? स्टँड, केबल धरून पंधरा-सोळा हजार. गाद्या घरच्या.

आता उलट टोकाचे लोक. ते म्हणतात, 'काहून एवढा खटाटोप, मोबाईल आहे ना!' मोबाईलचा माइक वाईट नसतो. पण मोबाईलमध्ये आवाज आपोआप लहान-मोठा करणारी यंत्रणा चालू असते. गाणारा थांबला की ती खोली उचलून पुढे आणते आणि तो पुन्हा गायला लागला की मागे ढकलते. ऐकणाऱ्याला हे नीट सांगता येत नाही, पण गाणं लांबून आल्यासारखं वाटतं. ट्रॅकवर गायचं असेल, दुसरा आवाज चढवायचा असेल, तर मोबाईल लवकर हात टेकतो. पहिल्या महिन्यात चाल जमली का हे पाहायला तो पुरतो, त्यापुढे नाही.

यादीवाल्यांचा शेवटचा हुकमी पत्ता म्हणजे दर्जा. घरी केलेलं ते घरगुतीच राहणार, असं ते म्हणतात. ब्रूस स्प्रिंगस्टीनने 1982 चा 'नेब्रास्का' न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, टास्कॅमच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, एसएम57 च्या दोन डायनॅमिक माइकवर गायला. नंतर बँड घेऊन तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली आणि शेवटी कॅसेटवरचीच बाजारात आणली. अर्थात गाणी स्प्रिंगस्टीनची होती, हे विसरून चालणार नाही. पण मला जवळचा दाखला जास्त पटतो. हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, लिहिलेल्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली, आणि त्यांतल्या हजारो ओव्या बायांच्या स्वतःच्या घरी, गावी रेकॉर्ड झाल्या. त्या बाया तासाच्या दराच्या काचेच्या खोलीत आल्या असत्या का? आणि आल्या असत्या तर तशा गायल्या असत्या का?

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट बघा. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांच्या आवाजात एचएमव्हीच्या तबकडीवर आली आणि मराठी भावगीताच्या रेकॉर्डचा आरंभ म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिला जोशी भेटले, कंपनी भेटली. त्याच काळात घाटावर आणि घाटाखाली जे शाहीर, जे भजनी, ज्या बाया गात होत्या, त्यांचं काहीच उरलं नाही, कारण गाणं यंत्रापर्यंत न्यावं लागत होतं. आज यंत्र गाण्यापर्यंत येतं. अशा वेळी 'लाख नसतील तर गाऊ नका' असं सांगणं म्हणजे तो जुना अडसर पुन्हा नव्याने घालणं आहे.

तासाच्या दराचा आणखी एक तोटा कुणी मोजत नाही. घड्याळ चालू असलं की गायक दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जे बरं येतं त्यावर समाधान मानतो. गाडीभाडं, वादकाचा दिवस, स्टुडिओचं बिल, सगळं डोळ्यांपुढे असतं. घरी तोच अंतरा तो पंधरा वेळा गातो, दुसऱ्या दिवशी ऐकतो, स्वतःच्याच आवाजाची लाज वाटून सोळाव्यांदा गातो. आवाज सुधारतो तो तिथे. पंधरा हजारांत विकत घ्यायची वस्तू ही आहे, माइक नव्हे.

दुसऱ्या बाजूचं जिथे बरोबर आहे तिथे ते मान्यच. बासरी, सतार, एकतारीचा बारीक झंकार टिपायला चांगला कंडेन्सर लागतो. शेगावच्या वाटेवरचं एखादं भजनी मंडळ, पखवाज, वीणा आणि दहा टाळकरी धरून, एका माइकच्या इंटरफेसवर बसत नाही. पण त्यांनी आठ चॅनलच्या यंत्रामागेही लागू नये. आठ-दहा हजारांचा हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर घ्यावा, तीन बाजूंनी उघडा सभामंडप शोधावा, पंखे बंद करावेत, गायक पुढे, पखवाज बाजूला आणि टाळकरी अगदी मागे बसवावेत, कारण टाळ जवळ आला की बाकी कुणी ऐकू येत नाही. दगडी गाभाऱ्यात मात्र जाऊ नये. तिथला गुंजारव प्रत्यक्षात गोड लागतो. रेकॉर्डिंगमध्ये शब्द खातो. घुमणं नंतर घालता येतं, घुमलेलं काढता येत नाही.

मिक्सिंगचंही तसंच. तिथे शहरातल्या कसलेल्या माणसाचा कान खरंच कामाला येतो. मग त्याला पैसे द्या. गाण्याचे सुटे ट्रॅक फोनवरून पाठवता येतात, त्यासाठी एसटीत बसावं लागत नाही. लाखातले पाच हजार तिकडे गेले तर माझी काहीच हरकत नाही.

एवढं सांगूनही ज्यांना लाखाची यादीच खरी वाटते त्यांच्याशी भांडण्याऐवजी एक पैज लावतो. तुम्ही तुमचा कंडेन्सर आणि फोम घेऊन आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत या, मे महिन्यात. त्याच खोलीत, त्याच गायकाचं, तेच गाणं रात्री दहानंतर खाटेवरच्या गाद्यांच्या कोनात मंडपवाल्याच्या माइकवर आम्ही घेऊ. दोन्ही फायलींना नाव न देता, आवाजाची पातळी सारखी करून, खामगावच्या बाजार समितीसमोरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर मोबाईलवर वाजवू. ऐकणाऱ्याला एकच विचारायचं, गाण्याचे शब्द सांग. ज्या फाईलचे शब्द जास्त लोकांनी बरोबर सांगितले ती जिंकली. चहाचे पैसे हरणाऱ्याने द्यायचे.